वजाबाकी बरोबर, वही चुकीची

रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याची लोकसंख्या फुगते आहे ती जन्मांमुळेच, असे हल्ली फार ठामपणे ऐकवले जाते. पुरावा म्हणून नगरपालिकेच्या नोंदवह्या दाखवतात. जन्म इतके, मृत्यू त्याहून बरेच कमी, म्हणजे झाली नैसर्गिक वाढ सिद्ध! वजाबाकी बरोबरच आहे, पण वही या हिशोबाची नाही.

१९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म-मृत्यूची नोंद घटना घडेल तिथे होते. माणूस राहणारा कुठला, यावर नाही. हमरापूरची सून पेणच्या दवाखान्यात बाळंत होते, तिचे बाळ पेण शहराच्या वहीत जाते. तिचा आजेसासरा घरीच वारतो, ती नोंद ग्रामपंचायतीत. जन्म शहराच्या खात्यावर, मरण गावाच्या. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी. रोह्याला दिलेली पेणची लेक माहेरी आली की रोह्याचे बाळ पेणच्या आकड्यात चढते. अडलेली बाई अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात हलवली, की पेणचे बाळ पेणला दिसत नाही. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांच्या नोंदी कुठे लागतात, ते तर विचारूच नका. जन्मनोंदणीच्या अर्जात आईचा राहता पत्ता लिहिलेला असतो. त्यावरून आकडे लावले तर हिशोब जमेलही. पण एवढी खटपट न करताच निष्कर्ष निघतात.

आता जनगणना पाहू. २०२१ ची झालीच नाही, त्यामुळे आधार २०११ चाच. (तोंडाला येईल तो आकडा फेकायची सोय झाली ती त्यामुळेच.) २००१ ते २०११ मध्ये रायगड २२,०७,९२९ वरून २६,३४,२०० वर गेला. या वाढीचा सुमारे तीन-चतुर्थांश वाटा एकट्या पनवेल तालुक्याचा. तो सव्वाचार लाखांच्या आसपास होता, तो ७,५०,२३६ झाला. तिथल्या खारघर-कामोठ्याचे टॉवर काही पाळण्यांनी भरले नाहीत, बाहेरून आलेल्या माणसांनी भरले. २०११ मध्ये पेण तालुका १,९५,४५४ आणि रोहा तालुका १,६७,११०. दोन्ही मिळून पनवेलच्या निम्मेही नाहीत. त्याच दशकात रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरला. तिथे काय पोरे जन्मली नाहीत? जन्मली, पण माणसे मुंबईला गेली.

पेण-रोह्यात जन्म मृत्यूंपेक्षा जास्त असतील, हे मान्य. त्यावरून बायकांना मुले फार होतात असे मात्र ठरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे मुले २००५-०६ मध्ये २.१ होती, २०१९-२१ मध्ये १.७. पिढीची जागा भरायला २.१ लागतात. तरी जन्म जास्त दिसतात, कारण कालच्या मोठ्या कुटुंबांतल्या मुली आज आया होण्याच्या वयात आहेत. ही पिढी म्हातारी झाली की मृत्यूंचा रकाना आपोआप भरेल. त्यात धाटावच्या एमआयडीसीत आणि नागोठण्याच्या कारखान्यात बाहेरून येतात तीही तरणी माणसेच. म्हातारे आईबाप मागे गावी राहतात आणि त्यांचे मरण तिकडच्याच वहीत लागते. इथे जन्मतात ती त्यांची मुले. म्हणजे ज्याला नैसर्गिक वाढ म्हणतात, तिच्यातलाही एक हिस्सा स्थलांतराचाच.