डीएसएलआर की मिररलेस: नेकनूरच्या लगीनसराईत कोणता कॅमेरा टिकेल?

बीड तालुक्यातल्या नेकनूरसारख्या गावात कॅमेऱ्याची खरी परीक्षा लगीनसराईत होते. सकाळी हळद, भर उन्हात लग्न आणि रात्री एलईडीच्या झगमगाटात वरात. गेली कित्येक वर्षं अशी कामं डीएसएलआरने निभावली. पण आता मोठ्या कंपन्यांनीच त्याच्याकडे पाठ फिरवली आहे. मग नवीन कॅमेऱ्यात पैसे गुंतवणाऱ्या फोटोग्राफरने काय करावं?

फरक नेमका काय?

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. तो प्रकाश वर वळवतो, म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये समोरचं दृश्य थेट दिसतं. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो. सेन्सर जे टिपतो, तेच आतल्या छोट्या स्क्रीनवर दिसतं. फोटो काळपट येणार की पांढराफटक, हे आधीच कळतं.

बाजार कसा फिरला?

आजच्या पद्धतीचा पहिला मिररलेस, पॅनासोनिक लुमिक्स जी१, २००८ मध्ये आला. २०१३ मध्ये सोनीने फुल फ्रेम ए७ आणला. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉनही फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले. कॅमेरा कंपन्यांच्या जपानी संघटनेच्या, म्हणजे सीपाच्या आकड्यांनुसार २०२० मध्ये मिररलेसने पहिल्यांदा डीएसएलआरला मागे टाकलं. २०२३ मध्ये जगभर सुमारे ४८ लाख मिररलेस बाजारात गेले, डीएसएलआर मात्र जेमतेम १२ लाख. ईओएस-१डी एक्स मार्क ३ हाच आपला शेवटचा अव्वल डीएसएलआर असेल, असं कॅननच्या प्रमुखांनी २०२१ च्या अखेरीस सांगून टाकलं. पेंटॅक्स मात्र अजूनही डीएसएलआरवर ठाम आहे.

मांडवात कोण सरस?

मिररलेस डोळा ओळखून फोकस धरतो. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी ही सोय मोलाची ठरते. वजनही कमी: निकॉन डी८५० बॅटरीसह १००५ ग्रॅम, तर झेड७ ६७५ ग्रॅम.

बॅटरीत मात्र डीएसएलआर पुढे. सीपाच्या चाचणीत निकॉन डी७५० एका चार्जमध्ये १२३० फोटो काढतो, झेड६ फक्त ३१०. प्रत्यक्षात फोटो जास्त निघतात, तरी वीज गेली तर जादा बॅटऱ्या हव्यातच. आणखी एक गोष्ट: आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर एलईडीच्या उजेडात वापरलं, तर फोटोवर पट्टे येऊ शकतात. अशा वेळी मेकॅनिकल शटर बरं. लेन्स बदलताना उघड्या सेन्सरवर धूळ बसू शकते, हेही लक्षात ठेवावं.

जुन्या लेन्स वाया जातील का?

नाही. आरसा गेल्याने लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर घटलं. निकॉनमध्ये ते ४६.५ मिलिमीटरवरून १६ वर आलं. या रिकाम्या जागेत अॅडॉप्टर बसतो आणि जुन्या लेन्स चालतात. मात्र ज्या निकॉन लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्यांचा ऑटोफोकस एफटीझेड अॅडॉप्टरवर चालत नाही.

मग घ्यावं काय?

हातातला डीएसएलआर चांगला चालत असेल, तर नवं आलं म्हणून तो विकायची घाई नको. त्याचे फोटो आजही अल्बमला पुरून उरतात. शिकणाऱ्यासाठी जुना डीएसएलआर स्वस्तात मस्त; घेताना शटर काउंट तपासावा. पण कर्ज काढून नवा कॅमेरा घ्यायचा असेल, तर मिररलेसच घ्यावा. कारण नव्या लेन्स आता त्याच्यासाठीच येत आहेत, आणि कॅमेरा बदलला तरी लेन्स वर्षानुवर्षं सोबत राहतात.