दहशतीच्या वाटेवरील दोन प्रवासी

हिंसेच्या मार्गास लागणारा मनुष्य मुळांतच क्रूर असतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. रशियांतील 'नारोद्नाया वोल्या', म्हणजे 'लोकेच्छा', या गुप्त मंडळाचा इतिहास तिला दुजोरा देत नाहीं. या मंडळाच्या कार्यकारी समितींतील वेरा फिग्नर व लेव्ह तिखोमिरोव्ह हीं दोघेंही १८५२ सालीं जन्मलीं. दोघांच्याही कार्याचा आरंभ लोकसेवेनें झाला.

फिग्नर खानदानी घराण्यांतील मुलगी. वैद्यक शिकण्यासाठीं ती १८७२ सालीं झुरिचला गेली. तेथील विद्यार्थिनींच्या मंडळांत तिला नवे विचार मिळाले, आणि विचारांहूनही जवळच्या मैत्रिणी मिळाल्या. पदवीवर पाणी सोडून ती १८७५ सालीं स्वदेशीं परतली व पुढें खेड्यांत रोग्यांची शुश्रूषा करूं लागली. परंतु अधिकाऱ्यांच्या संशयी दृष्टीस हें कामही सहन झालें नाहीं. शांततेची वाट खुंटली, असा तिचा ग्रह झाला.

तिखोमिरोव्हला कामगारांत प्रचार केल्याबद्दल १८७३ सालीं अटक झाली. खटल्याचा निकाल १८७८ च्या जानेवारींत लागला. तोंवर चार वर्षांहून अधिक काळ तो कोठडींत होता. प्रचारक म्हणून आंत गेलेला तरुण कट्टर वैरी होऊन बाहेर आला.

१८७९ सालीं मंडळ स्थापन झालें. खोटीं नांवें, खोटे परवाने, आप्तांशीं ताटातूट, असें तें जीवन होतें. फांशीं गेलेल्या प्रत्येक सोबत्याचें ऋण मागें राहिलेल्यांच्या शिरावर चढे. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें १ मार्च १८८१ रोजीं त्यांनीं दुसऱ्या अलेक्झांडर झारचा वध केला. मुख्यत्वें तिखोमिरोव्हनेंच लिहिलेल्या पत्रांत नव्या झाराला कळविण्यांत आलें कीं, क्षमादान व लोकप्रतिनिधींची सभा मिळाल्यास हिंसा थांबेल. झारानें तें मानलें नाहीं. आणि ज्यांच्यासाठीं हें सारें केलें ते शेतकरीही उठले नाहींत.

१८८२ सालीं तिखोमिरोव्ह परदेशीं गेला. तेथें सोबत्यांचा सहवास विरळ झाला, दारिद्र्य आलें, मुलगा गंभीर आजारी पडला. मनांतील शंकांना प्रथमच सवड मिळाली. आपण क्रांतिकारक कां राहिलों नाहीं, हें त्यानें १८८८ सालीं पॅरिस येथें पुस्तिकारूपानें जाहीर केलें. जुने मित्र त्याला द्रोही म्हणूं लागले. झारानें क्षमा केली आणि पुढील वर्षीं तो मायदेशीं आला. पण तेथें तो अनियंत्रित राजसत्तेचा कैवारी बनला. एक टोक सुटलें, तों त्यानें दुसरें धरलें.

फिग्नरला एका सहकाऱ्याच्या फितुरीमुळें १८८३ सालीं अटक झाली व श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यांत वीस वर्षें काढावीं लागलीं. सुटकेनंतर ती समाजवादी क्रांतिकारकांच्या पक्षांत गेली. परंतु त्याच्या लढाऊ शाखेचा प्रमुख अझेफ हा पोलिसांचा हस्तक असल्याचें १९०८ च्या सुमारास उघड झालें, तेव्हां ती त्यांतून बाहेर पडली. ध्येय मात्र तिनें कधींच नाकारलें नाहीं. १९४२ सालीं ती मॉस्कोंत वारली.

स्नेह, अन्यायाची चीड आणि बंद झालेले सनदशीर मार्ग यांनीं या दोघांस आंत नेलें. बाहेर येतांना एकाला घर आणि क्षमा यांचा आधार झाला; दुसरीला विश्वासघातानें जागें केलें. ज्या राज्यांत खेड्यांतील औषधपाण्यावरही पोलिसांचा डोळा असतो, तें राज्य आपले वैरी आपणच घडवितें. आणि ज्याला परतण्यास दार उरत नाहीं, तो त्याच वाटेनें पुढें चालत राहतो.