ऑपरेशन नीट झालं, मग रोगी का गेला?

मंडळी, गुडघेदुखीवर ‘एका दिवसात आराम’ देणारी बिननावाची पुडी आपल्या जळकोटच्या भागाला नवी नाही. अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. आजची गोष्ट त्याच औषधाची आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक अधिवृक्क ग्रंथी असते; वजन जेमतेम पाच ग्रॅम. ती निकामी झाली की माणूस खंगत जातो, हे लंडनच्या थॉमस ॲडिसनने 1855 साली लिहून ठेवलं. तेव्हा उपाय नव्हता. 1949 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून बातमी आली, की कॉर्टिझोनने संधिवाताने आखडलेली माणसं चालायला लागली! पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. जगभर औषधाचा गाजावाजा झाला.

आणि 1952 साली एक प्रकरण छापून आलं. चौतिशीतला संधिवाताचा रोगी, काही महिने कॉर्टिझोन घेणारा. खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर रक्तदाब कोसळला तो वर आलाच नाही. शवविच्छेदनात दोन्ही ग्रंथी आक्रसलेल्या निघाल्या.

असं का व्हावं? घरी रोज बाहेरून डबा यायला लागला की चूल थंड पडते. ऑपरेशन म्हणजे दारात आलेली पाहुण्यांची झुंड. शरीराला एरवीच्या कितीतरी पट कॉर्टिसॉल लागतं. नेमका तेव्हाच डबा बंद, आणि चूल तर कधीचीच विझलेली.

दोनच वर्षांनी, 21 ऑक्टोबर 1954 ला, न्यूयॉर्कमध्ये 37 वर्षांच्या एका माणसाच्या पाठीचं ऑपरेशन झालं. त्याला ॲडिसनचाच आजार होता. पण इथे डॉक्टर सावध होते, संप्रेरकं आधीपासूनच चालू ठेवली होती. पुढे जंतुसंसर्ग होऊन तो मरणाच्या दारात गेला, तरी वाचला. 1955 मध्ये शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात ही हकिकत नाव न देता छापली गेली. तो रोगी म्हणजे जॉन केनेडी! 1960 च्या निवडणुकीत त्यांच्या गोटाने हा आजार नाकारला. वय आणि तारीख जुळवून 1967 साली एका डॉक्टरने ते उघड केलं.

भूल देणारे डॉक्टर आज ऑपरेशनआधी विचारतात, “वर्षभरात कसल्या गोळ्या घेतल्या?” तेव्हा आपले आजोबा “काही नाही” म्हणून मोकळे होतात. पुडीला ते औषध मानतच नाहीत, काय करणार! ती पुडीच सोबत न्या. आणि ऑपरेशन ठरलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करू नका. कशी कमी करायची, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.