गुत्त्याचा मालक कोण?

आपल्या वऱ्हाडात दारूच्या दुकानाला गुत्ता म्हणतात. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. दुकानाला नाव पडले ते दारूचे नव्हे, ठेक्याचे! विक्रीच्या हक्काचा लिलाव होई. बोली जिंकणारा तो गुत्तेदार. 'आबकारी'तला फारसी 'आब' म्हणजे पाणी. सरकारने या पाण्यावरही महसूल बसवला. १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले. मोहाची दारू गाळणारा कलाल परवान्यात अडकला. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा झाला. पुढे गुत्तेदार बदलले, खजिन्याचा वाटा मात्र उरला. मजुरी गुत्त्यात जाते आणि घरची चूल थंड राहते. आता गावातल्या महिलांना मतदानाने बाटली आडवी करता येते. गुत्त्याच्या खऱ्या मालकाला जाब विचारण्याचा तोच मार्ग आहे.