चांद्याचे खासदार लाल श्यामशाह

मंडळी, चामोर्शीच्या बाजारात घटकाभर उभे राहा. मराठी आणि गोंडी तर कानावर पडतेच, पण मधूनच बंगालीही ऐकू येते. वैनगंगेच्या काठी बंगाली कुठून आली? या प्रश्नापायी आपल्या एका खासदाराने लोकसभा सोडली होती.

१९६२ ची निवडणूक आठवा. महाराष्ट्रात लोकसभेच्या जागा ४४, त्यांतल्या ४१ काँग्रेसने घेतल्या. उरल्या तीन. राजापूरहून नाथ पै आले, नागपूरहून बापूजी अणे. ही दोन नावे शाळामास्तरांना सहज सांगता येतील. तिसरी जागा आपली, चांद्याची. तिथून अपक्ष म्हणून निवडून आले लाल श्यामशाह.

हे गोंड गृहस्थ पानाबारसचे जमीनदार. ते गाव आज छत्तीसगडात, मोहला-मानपूरकडे, म्हणजे आपल्या गडचिरोलीला लागूनच आहे. मग परप्रांतीचा माणूस इथून कसा उभा राहिला? लोकसभेला देशातल्या कोणत्याही भागातल्या मतदाराला इथून उभे राहता येते, हे एक. दुसरे असे की १९५६ पर्यंत हा सारा मुलूख जुन्या मध्यप्रदेशातच होता आणि राजधानी होती नागपूर. पुढे नकाशावर रेघ ओढली गेली, पण रेघेपलीकडची सोयरीक थोडीच तुटते?

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. त्यांच्यासाठी १९५८ मध्ये दंडकारण्य योजना निघाली. १९६४ च्या आरंभी तिकडे दंगली उसळल्या आणि लोंढा वाढला. आपल्या चांदा जिल्ह्यातही त्यांच्या वसाहती व्हायच्या होत्या.

आता दोष कुणाला द्यायचा? घरदार आणि शेतीवाडी टाकून आलेल्या त्या माणसांना इथले रान ठाऊकसुद्धा नव्हते. त्यांना आणले, ते आले. पण ज्या जमिनीला सरकारी कागदात पडीत म्हणतात, तिथेच गोंडाची गुरे चरतात, तिथेच बायका पहाटे मोहाची फुले वेचतात. कागदावर मोकळी, पण कुणाच्या तरी पोटाला लागलेली जमीन ती! आदिवासींची जमीन आणि जंगल असे जाते आहे आणि त्यांचे कुणी ऐकत नाही, हे श्यामशाहांचे गाऱ्हाणे होते. १९६४ मध्येच त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. मुदत अजून निम्मीही सरली नव्हती.

खरे सांगू? मला हा राजीनामा पुरता पटत नाही. सभागृहात राहून भांडता आले असते. पण ज्याचे कुणी ऐकतच नाही, त्याने खुर्ची किती दिवस उबवावी, हेही मनात येतेच.

राजीनाम्याने वसाहती थांबल्या नाहीत. चामोर्शी-मुलचेरा भागात बंगाली गावे वसली, धान पिकू लागले, त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर शिकली. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. श्यामशाह १९८८ मध्ये वारले. वनहक्काचा कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथून पानाबारसचा मुलूख काही फार लांब नाही.