चार दांड्या आणि एक गडगा

परवा काकाचा फोन आला. "अगो, दादाच्या फोनला काय केलंत तुम्ही? हल्ली पहिल्या झटक्यात लागतो, मध्येच तुटतही नाही. तुझ्या लेकाला सांग, माझ्याही फोनला ते अपडेट मारून दे म्हणावं."

मी "हो, सांगते" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर हसत बसले. काकाच्या प्रश्नाचं खरं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नाहीच. ते द्यायचं तर २००८ पासून सुरुवात करावी लागते. तेव्हा काका, हे खास तुझ्यासाठी. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

घरातल्या मंडळींना राजापूरकडचं आमचं घर माहीत आहे. इतरांसाठी सांगते. जांभ्या चिऱ्याचं जुनं घर, हातभर जाडीच्या भिंती, मागे डोंगर आणि तिन्ही बाजूंना झाडं. टॉवर आहे तो खाडीपलीकडे. अशा घरात मोबाईल म्हणजे देवघरातल्या देवासारखा, आहे याचा आधार वाटतो पण हाकेला ओ देईलच असं नाही. अण्णांचा फोन मात्र माजघरातसुद्धा चार दांड्या दाखवायचा. फोन लागला नाही की अण्णा म्हणायचे, "माझ्याकडे फुल रेंज आहे, तुमच्याच पुण्याला काहीतरी गडबड असणार." आणि चार दांड्यांपुढे वाद कोण घालणार?

मग एका मे महिन्यात रात्री दोनच्या सुमारास आईला दम्याचा जोराचा अटॅक आला. अण्णा माजघरात उभे राहून रिक्षावाल्याला फोन लावत होते. सात वेळा लावला. दांड्या चार आणि फोन काही जाईना. शेवटी कंदील घेऊन शेजारच्या वाडीत गेले आणि माणूस उठवला. आई वाचली, आज ठणठणीत आहे. पण अण्णांची ती वीस मिनिटं कुठेच गेली नाहीत. "रेंज होती गो, रेंज होती," एवढंच ते पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिले.

आता तुम्ही विचाराल, फोन अपडेट का केला नव्हता? त्याला कारण मीच. आणि त्यामागेही एक इतिहास आहे.

आपल्या फोनमध्ये एका छपराखाली दोन चुली असतात. एक आपल्याला दिसते ती, म्हणजे फोटो, व्हॉट्सॲप वगैरे सगळं चालवणारा मुख्य प्रोसेसर. दुसरी चूल मोडेमची. यालाच बेसबँड म्हणतात. त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं, म्हणजेच फर्मवेअर. कुठल्या टॉवरला धरायचं, तो कधी सोडून दुसरा पकडायचा, किती ताकदीने ओरडायचं, गोंगाटातून आपल्यापुरता आवाज कसा निवडायचा, हे सगळं तो ठरवतो. फोनच्या सेटिंगमध्ये 'बेसबँड व्हर्जन' अशी एक ओळ असते ना, जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, ती याची.

२००७ पासून पुढची काही वर्षं अमेरिकेतले आयफोन तिथल्या एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले असत. इकडे आणले की कुलूप तोडावं लागे, आणि ते कुलूप या मोडेमच्या फर्मवेअरशी निगडित होतं. फोन अपडेट केला की मोडेमही अपडेट व्हायचा आणि तोडलेलं कुलूप पुन्हा बसायचं. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये तर हौशी हॅकरांनी आयफोन ३जी आणि ३जीएसवर चक्क आयपॅडचं मोडेम फर्मवेअर चढवायची युक्ती काढली. कुलूप तुटायचं, पण फोनचा जीपीएस जायचा, आणि परत फिरायची सोय तेव्हा नव्हती. आमच्या मामेभावाने त्याच काळात तिकडून एक फोन आणला होता (कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे). तो देताना त्याने दटावून सांगितलं होतं, "काहीही झालं तरी अपडेट करायचं नाही." तो फोन कधीच भंगारात गेला. नियम मात्र घरात राहिला. माहेरी सोवळ्याचे नियम राहतात तसा, कारण विसरलं गेलं तरी पाळला जाणारा. अण्णांच्या फोनवर अपडेटची सूचना आली की मीच त्यांना फोनवरून सांगायची, "नको, दाबू नका."

असो. आता मुद्द्याची गोष्ट. अपडेटने रेंज वाढते का?

११ जुलै २००८ ला आयफोन ३जी बाजारात आला, भारतात २२ ऑगस्टला. फोन तुटतो, ३जी टिकत नाही, अशा तक्रारी सुरुवातीपासूनच होत्या. ॲपलने १८ ऑगस्टला एक अपडेट दिलं आणि १२ सप्टेंबरला दुसरं, २.१ नावाचं. या दुसऱ्या अपडेटमध्ये काय सुधारलं त्याची यादी कंपनीने दिली होती, आणि ती मला फार बोलकी वाटते. तीत एक गोष्ट होती, फोन लागण्यातलं अपयश आणि कॉल तुटणं कमी केलं. आणि त्याच यादीत वेगळी म्हणून दुसरी, ३जीच्या दांड्या आता जास्त अचूक दिसतील. म्हणजे नीट ऐकू येणं हे एक काम, आणि किती ऐकू येतंय ते खरं सांगणं हे दुसरं. आपण आयुष्यभर या दोन्हींना एकच समजत आलो.

हा फरक साऱ्या जगाला कळला दोन वर्षांनी. २४ जून २०१० ला आयफोन ४ आला. बाजूची स्टीलची पट्टी हीच त्याची अँटेना. दिसायला सुरेख. पण डाव्या बाजूला खाली त्या पट्टीत एक बारीक फट होती. तिच्यावर तळहात टेकला की दांड्या भराभर उतरायच्या. बोभाटा झाला. २ जुलैला ॲपलने पत्रक काढलं. त्यात म्हटलं होतं की दांड्या मोजायचं आमचं सूत्रच पार चुकीचं निघालं, काही वेळा प्रत्यक्षापेक्षा दोन दांड्या जास्त दिसतात, आणि ही चूक पहिल्या आयफोनपासून आहे! म्हणजे तीन वर्षं लोक नसलेल्या दांड्या बघत होते.

इथे थोडं गणित करू, काका, घाबरू नकोस. सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात आणि ती उणे आकड्यात असते. उणे ९० म्हणजे एका वॉटचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा कुजबुजीवर आपलं सगळं बोलणं चालतं. दहाने आकडा खाली गेला की ताकद दहापट कमी, वीसने गेला की शंभरपट. आनंदटेक या संकेतस्थळाने तेव्हा मोजून दाखवलं की जुन्या सूत्रात उणे ५१ पासून उणे ९१ पर्यंत सगळ्याला पाचच दांड्या दिसत. म्हणजे ताकद दहा हजार पट कमी झाली तरी पडद्यावर हूं की चूं नाही. आणि उरलेल्या चार दांड्या पुढच्या जेमतेम बावीस आकड्यांत कोंबलेल्या. त्यांनीच मोजलं की फोन घट्ट धरला तर सुमारे २४ डेसिबल कमी होतात, म्हणजे ताकद अडीचशेपट घटते. टॉवरजवळ असाल तर तेवढ्याने काहीच दिसायचं नाही. पाच दांड्यांच्या शेवटच्या पायरीवर असाल तर एका मुठीत सगळं गायब.

१५ जुलैला ४.०.१ हे अपडेट आलं. त्याने सूत्र दुरुस्त केलं. पाच दांड्या मिळवायला आता बराच चांगला सिग्नल लागू लागला. आणि गंमत म्हणजे पहिल्या तीन दांड्यांची उंची थोडी वाढवली, म्हणजे कमी दांड्याही नीट दिसाव्यात. खुंटी तीच, पट्टी बदलली. फोन पूर्वीइतकंच ऐकत होता. अँटेनातली फट तशीच होती. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने त्याच आठवड्यात फोनची शिफारस करायला नकार दिला होता आणि फटीवर चिकटपट्टी लावायचा उपाय सुचवला होता! १६ जुलैला स्टीव्ह जॉब्सने पत्रकार परिषद घेतली, इतर कंपन्यांचे फोनही मुठीत धरले की दांड्या गमावतात हे दाखवलं आणि सगळ्यांना फुकट कव्हर देऊ केलं. खरा उपाय झाला तो ऑक्टोबर २०११ मध्ये, आयफोन ४एस आला तेव्हा, कारण त्यात फोन दोन अँटेनांपैकी बरी कुठली ते बघून बदलू शकत होता. लोखंडाचं दुखणं लोखंडानेच बरं झालं.

तेव्हा सगळ्यांनी खिल्ली उडवली. रेंज सुधारा म्हटलं तर यांनी दांड्या बदलल्या! मीही हसले होते. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं वाटलं होतं.

पण म्हणून फर्मवेअर म्हणजे नुसती रंगरंगोटी असं समजू नका. ते किती खोलवर असतं हे बिघडतं तेव्हा कळतं. २४ सप्टेंबर २०१४ ला ॲपलने ८.०.१ हे अपडेट दिलं आणि नव्या आयफोन ६ आणि ६ प्लसवर ते चढवणाऱ्यांचं नेटवर्कच गेलं. अँटेना तीच, टॉवर तोच, आणि फोन बहिरा. तासाभरात अपडेट मागे घेतलं, दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती आली. तोवर चाळीस हजारांच्या आत फोन सापडले होते. गूगलच्या पिक्सेल ६ चं डिसेंबर २०२१ चं अपडेटही कॉल तुटू लागल्यामुळे थांबवावं लागलं होतं आणि दुरुस्ती जानेवारीच्या मध्यावर आली. उलट बाजूही आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं तेव्हा अनेकांच्या हातात ५जीचे फोन वर्षा-दोन वर्षांपासून होते, पण आयफोनवाल्यांना ते डिसेंबरातल्या १६.२ या अपडेटनंतरच मिळालं. मोडेम आतमध्ये होताच. त्याला फक्त परवानगी आणि पत्ता द्यायचा होता.

म्हणजे काका, उत्तर असं. फर्मवेअर मोडेमला शहाणं करू शकतं, चुकीच्या टॉवरला चिकटून बसायची खोड घालवू शकतं, पुसट आवाज थोडा जास्त चांगला उलगडू शकतं. पण हातभर जाडीची भिंत पातळ करू शकत नाही आणि खाडीपलीकडचा टॉवर अलीकडे आणू शकत नाही.

मग अण्णांच्या फोनचं काय झालं?

त्या मेनंतरच्या गणपतीत आम्ही सगळे गेलो होतो. चिरंजीवांनी माझा नियम मोडला. आधी त्याने अण्णांचा फोन घेऊन घरभर फिरून, सेटिंगमध्ये खोल लपलेले डीबीएमचे आकडे वहीत लिहून घेतले. मग अपडेट केलं आणि पुन्हा तीच फेरी. बेसबँड व्हर्जनची ओळ बदलली होती. आकडे मात्र दोन-तीनचा फरक सोडला तर तेच. माजघर उणे ११५, पडवी उणे १११, खळ्याच्या टोकाला गडग्यापाशी उणे ९७. बदलल्या त्या दांड्या. माजघरात चारच्या जागी एक. गडग्यापाशी तीन.

अण्णा संतापले. "होती ती रेंजही घालवलीस?" दिवसभर नातवाशी बोलले नाहीत. संध्याकाळी आरतीनंतर त्याने वही पुढे केली आणि आकडे समजावले. अण्णांनी आयुष्यभर तलाठ्याच्या कचेरीत आकड्यांशी संसार केलेला. त्यांनी चष्मा लावला, वही बघितली, मग कंदील न घेताच अंधारात गडग्यापर्यंत जाऊन आले. परत येऊन पडवीत बसले आणि बराच वेळ गप्प होते.

मग म्हणाले, "म्हणजे त्या रात्री तिथे जायला हवं होतं. वीस पावलं."

कोणी काही बोललं नाही. आई आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्हाला काय माहीत? त्या मेल्याने चार दाखवल्या ना."

काका, दादाचा फोन आता पहिल्या झटक्यात लागतो तो यामुळे. फोन लावायचा म्हटलं की तो उठतो, चपला घालतो आणि गडग्यापाशी जाऊन उभा राहतो. तिथे एक जुना पाट नेऊन ठेवलाय बसायला. अपडेटने रेंज वाढली नाही, अण्णा हलले. चार खोट्या दांड्या त्यांना हलू देत नव्हत्या.

२०१० साली मी ज्याला हसले होते ते काही इतकं हसण्यासारखं नव्हतं, हे मला पाटावर बसलेल्या अण्णांकडे बघून कळलं. थर्मामीटर बदलून ताप उतरत नाही हे खरंच. पण थर्मामीटर खोटा असेल तर माणूस डॉक्टरकडे जातच नाही.

तेव्हा तुझ्याही फोनला अपडेट मारून देऊ. फक्त दांड्या कमी दिसल्या तर आमच्या चिरंजीवांवर रागावू नकोस. तुझ्या घरातला गडगा कुठे आहे, तेवढा शोधून ठेव.