माणिक आणि टिकाव

संगणकाच्या भाषांचा इतिहास सांगताना त्या निर्माण करणाऱ्यांची नावे आवर्जून घेतली जातात. त्या भाषा लोकांना शिकवल्या कोणी, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. वास्तविक भाषा निर्माण होणे आणि ती इतरांना शिकता येणे या दोन वेगळ्या घटना आहेत. रूबी या भाषेच्या बाबतीत, जपानच्या बाहेरील जगापुरते बोलायचे तर, या दोन घटनांमध्ये सुमारे साडेसात वर्षांचे अंतर होते. ते अंतर ज्या पुस्तकाने मिटवले, त्या पुस्तकाची ही हकिकत.

रूबीचे जनक युकिहिरो मात्सुमोतो. त्यांना 'स्क्रिप्टभाषा' हवी होती. मजकुराच्या फायली चाळणे, त्यांतून हवे ते वेचणे अशी रोजची कामे चार ओळींत उरकणारी आणि लिहिताच चालवून पाहता येणारी भाषा, असा या शब्दाचा ढोबळ अर्थ. त्या काळी या कामासाठी लॅरी वॉल यांची १९८७ सालची पर्ल ही भाषा प्रसिद्ध होती. परंतु मात्सुमोतोंना भाषा मुळापासून 'वस्तुकेंद्री' हवी होती. माहिती आणि त्या माहितीवर करायच्या क्रिया एकत्र बांधून जी 'वस्तू' होते, तिच्याशीच आज्ञावलीने बोलावे, हे त्या विचारसरणीचे सूत्र. पर्ल त्यांना त्या दृष्टीने अपुरी वाटे आणि पायथनमधली वस्तुकेंद्री रचना मागाहून जोडलेली. २४ फेब्रुवारी १९९३ रोजी, एक ओळही लिहिली गेली नसताना, केइजू इशित्सुका या सहकाऱ्याशी चाललेल्या संवादात नाव ठरले. 'कोरल' की 'रूबी', म्हणजे पोवळे की माणिक, असा पर्याय होता. माणिक निवडले गेले. पर्लच्या नावातल्या मोत्याला हे उत्तर होते, हे उघड आहे.

२१ डिसेंबर १९९५ रोजी रूबीची ०.९५ ही आवृत्ती जपानी वृत्तसमूहांवर जाहीर झाली, आणि पुढच्या वर्षीच्या नाताळात १.० आली. १९९९ साली मात्सुमोतो आणि इशित्सुका यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. त्याचे नावच मुळी 'वस्तुकेंद्री स्क्रिप्टभाषा रूबी' असे होते. पुस्तक अर्थातच जपानीत होते. ज्याला जपानी येत नाही त्याच्या हाती विखुरलेली टिपणे आणि भाषेच्या दुभाष्याची मूळ संहिता यांपलीकडे फारसे काही नव्हते.

या टप्प्यावर डेव्ह थॉमस आणि अँडी हंट हे दोघे येतात. १९९९ साली त्यांचे 'द प्रॅगमॅटिक प्रोग्रॅमर' प्रसिद्ध झाले होते. दर वर्षी एक नवी भाषा शिकावी, असा सल्ला त्यात आहे. रूबी त्यांना इतकी आवडली की त्यांनी तिचे मार्गदर्शक पुस्तकच लिहायला घेतले. मूळ संहिता वाचायची, प्रयोग करून पाहायचे आणि अडेल तिथे मात्सुमोतोंना विचारायचे, अशी ती पद्धत होती. मात्सुमोतोंनी शंकांचे निरसन तर केलेच, शिवाय पुस्तकाला प्रस्तावनाही दिली. मराठी वाचकाला ही रीत अपरिचित वाटू नये. १८०५ साली श्रीरामपूरला छापलेले मराठीचे व्याकरणही विल्यम केरी या परक्याने इथल्या पंडिताच्या साहाय्याने रचले होते. भाषेत वाढलेल्याला जे विचारण्याजोगे वाटत नाही, ते परक्याला विचारावेच लागते. आणि शिकणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

'प्रोग्रॅमिंग रूबी' २००० सालच्या अखेरीस निघाले. इंग्रजीतले रूबीवरचे हे पहिले पुस्तक. मुखपृष्ठावर टिकाव होता, म्हणून वाचकांत ते 'पिकॅक्स' याच नावाने रूढ झाले. माणिक खणून काढायचे तर टिकाव हवाच.

पुस्तक शिकवते कसे, हे थोडे तपशिलाने पाहण्याजोगे आहे. आरंभीच ते सांगते की रूबीत सगळे काही वस्तू आहे, अगदी साधा अंकसुद्धा. जावामध्ये एखाद्या संख्येचे ऋणचिन्ह काढायचे तर ती संख्या गणिताच्या वेगळ्या कोठीत पाठवावी लागते. रूबीत त्या संख्येलाच सांगायचे, 'तुझे निरपेक्ष मूल्य दे.' त्यानंतर एक जूकबॉक्स येतो, म्हणजे नाणे टाकून गाणी ऐकवणारे यंत्र. गाणे हा वर्ग. नाव, गायक आणि कालावधी हे त्याचे गुण. मग त्याचा वारस येतो, कराओकेचे गाणे. त्यात शब्दांची भर. हे गाणे छापायला सांगितले तर नाव, गायक, कालावधी येतात, पण शब्द येतच नाहीत, कारण छापण्याची रीत पूर्वजाकडून जशीच्या तशी आलेली आहे. यावर लेखक आधी एक सोपा उपाय करून दाखवतात: वारसाने पूर्वजाच्या घरात शिरून त्याचे गुण स्वतःच वाचावेत. आज्ञावली चालते. आणि मग ते विचारतात की उद्या पूर्वजाने कालावधी सेकंदांऐवजी सेकंदाच्या हजाराव्या भागांत ठेवायचे ठरवले तर? वारस भलतेच आकडे सांगू लागेल. म्हणून योग्य रीत अशी की पूर्वजाला त्याचे काम करू द्यावे आणि आपण फक्त आपली भर घालावी.

चुकीची वाट आधी चालून दाखवणे आणि ती का चुकीची हे वाचकाला उमगू देणे, ही या मार्गदर्शकाची खरी शक्ती. व्याख्या पाठ करून 'वारसा' ही कल्पना कळत नाही. ती अशा एका फसलेल्या गाण्यातून कळते.

पुस्तकाची मर्यादाही त्याच्या पहिल्याच धड्यात दडलेली आहे. तिथे एका इंग्रजी शब्दमालेला तिची लांबी विचारली आहे आणि उत्तर अचूक येते. प्रस्तुत लेखकाने हे पान वाचताना त्या जागी 'मराठी' हा शब्द घातला, तेव्हा उत्तर आले १५. कारण त्या काळची रूबी अक्षरे मोजत नसे, बाइट मोजत असे, आणि यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. जपान्यांना हा प्रश्न ठाऊकच होता. एकाच लिपीसाठी दोन-तीन संकेतपद्धती त्यांच्याकडे एकाच वेळी नांदत असल्याने सर्वांवर एकच युनिकोड लादण्याची मात्सुमोतोंची तयारी नव्हती. अखेर १.९ या मालिकेत प्रत्येक शब्दमाला आपली संकेतपद्धती स्वतःजवळ बाळगू लागली, आणि उत्तर आले ५: म, र, काना, ठ, वेलांटी. २०१७ सालच्या २.५ आवृत्तीत अक्षरगुच्छ मोजण्याची सोय आली, तेव्हा कुठे आपल्या शाळेतले उत्तर मिळाले: ३. असो.

पुस्तकाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र त्याच्या मजकुरात नाही. थॉमस आणि हंट यांनी पहिली आवृत्ती मुक्त परवान्याखाली संपूर्णपणे महाजालावर ठेवली. विंडोजवर रूबी बसवणाऱ्याला ती संचासोबतच मिळू लागली. २००३ सालच्या १.८ आवृत्तीबरोबर आरडॉक हे थॉमस यांचेच दस्तऐवज साधन भाषेत दाखल झाले. २००४ साली रेल्समुळे रूबीकडे जगाचे लक्ष गेले, तेव्हा शिकू पाहणाऱ्यांसाठी वाट आधीच तयार होती.

अशा मोकळेपणाची कसोटी पुढे दुसऱ्याच एका पुस्तकाने पाहिली. 'व्हाय' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अवलियाने कोल्ह्यांच्या व्यंगचित्रांतून रूबी शिकवणारे विलक्षण पुस्तक लिहिले होते. ऑगस्ट २००९ मध्ये त्याने आपले सर्व लेखन महाजालावरून एकाएकी काढून घेतले. पुस्तक नाहीसे व्हायचेच. पण परवाना मुक्त होता आणि वाचकांजवळ प्रती होत्या, म्हणून ते पुन्हा उभे राहिले.

२०१२ साली रूबी आंतरराष्ट्रीय प्रमाणभाषा झाली. प्रमाणग्रंथ भाषेचे नियम सांगतो. ती शिकण्याची इच्छा मात्र कोणी तरी आधी निर्माण केलेली असावी लागते. 'पिकॅक्स'ची पहिली आवृत्ती ज्या १.६ रूबीबद्दल बोलते ती आता कुणी वापरत नाही, आणि २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो जूकबॉक्सही गेला. तरीही कराओकेच्या त्या गाण्याचा धडा शिळा झालेला नाही. मराठीत 'टिकाव' या शब्दाला खणण्याच्या अवजाराखेरीज दुसराही अर्थ आहे. तो अर्थ थॉमस आणि हंट यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. पण त्यांच्या मुखपृष्ठाला तो चपखल लागू पडला.